सात नंबरची टकटक

क्लेमेन्स वांगलर हा आमच्या ब्रेनर गावातला एकुलता एक मेकॅनिक, आणि एकुलत्या एका पोराचे असतात तेवढे सगळे नखरे त्याच्यात होते. साठ मैलांत दुसरं गॅरेज नाही हे त्याला पक्कं ठाऊक, आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे. गाडी घेऊन गेलात की आधी तुमची अक्कल काढणार, मग तुमच्या बापाची, आणि मग कुठे बॉनेट उघडणार. "हे तेल आहे की गटारातला गाळ?" "मागच्या खेपेला काय सांगितलं होतं? झोपला होतास?" चर्चच्या फादरची गाडी आली तर त्यांनाही सोडायचा नाही. "फादर, ब्रेकला पॅड लागतात. प्रार्थनेवर गाडी थांबत नाही."

लोक निमूट ऐकून घेत. दुभत्या गाईच्या लाथा गोड, आणि आम्ही तर गुरं पाळणारी माणसं. तोंडाचा फाटका असला तरी क्लेमेन्स कामाचा पक्का होता. त्याचे हात चांगले होतेच, पण खरी करामत कानांची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मिनिटभराने निकाल. "तीन नंबरचं बेअरिंग. उन्हाळा काढेल, शिकारीचा मोसम नाही काढणार." आणि ऑक्टोबरात ती गाडी दोरीला बांधून यायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं.

अशा माणसाचा एक तरी हाडवैरी हवाच. त्याचं नाव ऑर्लिन व्हेटर. गावाच्या उत्तरेला दोनशे गाई, शब्द मोजून बोलणारा, आणि एकदा मनात धरलं की मरेपर्यंत न सोडणारा. तीस वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरातल्या जेवणात क्लेमेन्स सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ऑर्लिनच्या ट्रॅक्टरचं तेल बघितलं आज. त्याच्या गाईंचं शेण त्याहून पातळ असतं." सगळं तळघर हसलं. ऑर्लिनची बायकोही हसली. ते त्याने ना क्लेमेन्सला माफ केलं, ना बायकोला. पण गाडी बिघडली की यायचा क्लेमेन्सकडेच. जाणार कुठे?

तर यंदा फेब्रुवारीच्या शेवटी ऑर्लिन आला. आमच्याकडे गाई विण्याचे हे दिवस. बाहेर उणे वीस, पंचवीस. ओलं वासरू अर्ध्या तासात लाकूड होतं, म्हणून ते उचलून गाडीत पुढच्या सीटच्या पायाशी, हीटरच्या झोतात ठेवायचं. या दिवसांत इथे गाडी कुणी बंद करत नाही. सकाळी चालू केलेलं इंजिन संध्याकाळपर्यंत जागच्या जागी गुरगुरत असतं.

"टकटक वाजतंय," ऑर्लिन म्हणाला. "उजवीकडे की डावीकडे ते कळत नाही. मागे कुठेतरी."

"कळत नाही तर बोलू नकोस. चावी दे आणि तिकडे बस."

"बसायला आलो नाही. गाई वितायत."

"मग उभा राहा. पण गप्प उभा राहा."

ही गाडी म्हणजे ते आठ सिलिंडरवालं इंजिन, ज्यातले चार सिलिंडर जोर नको असेल तेव्हा झोपी जातात. पेट्रोल वाचतं म्हणे. क्लेमेन्सला या प्रकाराचा मनस्वी राग. गाडी विकत घेणाऱ्याला तो हटकून विचारायचा, "तुझ्या घरात आठ माणसं आहेत आणि कामाच्या वेळी चार झोपतात, चालेल का तुला?" एरवी कॅमशाफ्ट फिरली की तिच्यावर टेकलेला लिफ्टर वर उचलला जातो आणि व्हॉल्व उघडतो. साधं काम. पण या चार सिलिंडरांचे लिफ्टर पोटात बारीक खिळी घेऊन बसलेले. तेलाचा दाब आला की खिळी आत जाते, लिफ्टर स्वतःतच दबतो, व्हॉल्व बंद राहतो, सिलिंडर झोपतो. जागं व्हायची वेळ आली आणि खिळी अडकली, किंवा तासन्‌तास उभ्या गाडीत तेल नीट न पोचून लिफ्टरच्या खालचं, कॅमशाफ्टवर फिरणारं बारीक चाक झिजलं, की टकटक सुरू. आधी बारीक, मग मोठी, मग सगळंच संपलं.

पण टकटक दुसऱ्याही कारणाने होते. याच इंजिनांत धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट थंडीने तुटतो, आणि त्या फटीतून धूर निसटताना अगदी तसाच आवाज येतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट बुजते, आवाज जातो. लिफ्टरचा जात नाही. ऐकणाऱ्याला फरक कळतो.

क्लेमेन्सने टॉर्च मारली. डावीकडे मागचा बोल्ट तुटलेला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन दिवस खपून त्याने बोल्टचं अडकलेलं खोड भोक पाडून काढलं, नवं गॅस्केट घातलं, गाडी चालू केली, डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं. इंजिन कसं शांत.

"घेऊन जा," तो म्हणाला.

ऑर्लिन बॉनेटवर वाकला. "अजून वाजतंय."

"काही वाजत नाही."

"क्लेमेन्स, वाजतंय. कमी झालंय, पण वाजतंय. हे बघ, आता. आता. आता."

"चाळीस वर्षं मी इंजिनं ऐकतोय आणि तू मला ऐकायला शिकवतोस? गाईच्या पोटातलं ऐक जा, त्यातलं कळतं तुला."

"मी एवढंच म्हणतो, एकदा उघडून बघ."

"उघडायचं तर तुझं डोकं उघडायला हवं. तिथे वाजतंय. चल, नीघ माझ्या गॅरेजातून!"

आणि एवढ्यावर थांबेल तर तो क्लेमेन्स कसला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात नेहमीची मंडळी कॉफीला जमली होती, सूर्यफुलाच्या बिया चघळत आणि टरफलं कपात थुंकत. तिथे त्याने जाहीर केलं, "ऑर्लिनच्या डोक्यातला एक बोल्ट ढिला झालाय. तो पार्ट मी ठेवत नाही." गावाला तेवढं पुरे. ऑर्लिन दिसला की टेबलावर बोटं वाजवायची: टक टक टक. पोस्टात तेच, दुकानात तेच. रविवारी प्रार्थनेच्या मधोमध मागच्या बाकावरून कुणीतरी वाजवलं. ऑर्लिनने मान वळवली नाही. त्याचे कान मात्र लालभडक झाले होते.

तीन आठवडे गेले. मार्चच्या मधल्या मंगळवारी, कॉफीच्याच वेळी, ऑर्लिनचा ट्रॅक्टर गावात शिरला. मागे साखळीने ओढलेली गाडी. त्याने ती गॅरेजच्या दारात आडवी उभी केली, अशी की आतलं कुणी बाहेर येऊ नये आणि बाहेरचं आत जाऊ नये. मग मागून एक मेलेलं वासरू काढलं, दोन्ही हातांवर घेऊन आत गेला आणि क्लेमेन्सच्या कामाच्या टेबलावर, पान्यांच्या मधोमध ठेवलं. वासरू गोठून कडक झालं होतं. एक पाना खाली पडला.

"हे काय आहे?" क्लेमेन्स ओरडला.

"हे माझ्या डोक्यातलं," ऑर्लिन म्हणाला. "काल दुपारी चढावर गाडीने दम टाकला. लाल दिवा लागला, तेलाचा दाब गेला. इंजिन जळू नये म्हणून बंद केलं. हीटर बंद. याला कोटात गुंडाळून दोन मैल चाललो. पाऊण मैलावर याने मान टाकली, तरी मी चालत होतो."

"गाडीत नीट तेल घालत नाहीस, रात्रंदिवस उभी गुरगुरत ठेवतोस, आणि आता माझ्या..."

"बाहेर चल."

कोठारातली मंडळी एव्हाना रस्ता ओलांडून आली होती. तमाशा फुकट असला की आमच्या गावाला थंडी वाजत नाही. ऑर्लिन गाडीत बसला. "अर्धं मिनिटच चालवतो. जास्त चालवली तर मरेल. ऐका सगळे." त्याने चावी फिरवली.

गाडी हादरत चालू झाली. कोठाराचा मॅनेजर एवाल्ड दोन पावलं मागे सरला आणि त्याने तोंड वाकडं केलं. दुसऱ्या एकाने शिवी हासडली. क्लेमेन्सला गाडीचा थरथराट दिसत होता, एक सिलिंडर मेलाय हे त्याला पायाखालच्या जमिनीतून कळत होतं. धूर दिसत होता. तो वाकला, कान पुढे केला, डोळे मिटले. मोठी घरघर होती आणि तिच्यात काहीच नव्हतं.

"बरं, सिलिंडर गेलाय," तो म्हणाला. "पण ते तुझं टकटक कुठंय? टकटक कुठे वाजतंय, दाखवा मला!"

एवाल्ड हसला. त्याला वाटलं, क्लेमेन्स गंमत करतोय. मग त्याने क्लेमेन्सच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू जिरलं. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. हातोडीने पत्रा ठोकावा तसा आवाज चालला होता, रस्त्यापलीकडे ऐकू जात होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून हा माणूस विचारत होता, कुठंय?

ऑर्लिनने इंजिन बंद केलं. मंडळी एकेक करून रस्ता ओलांडून परत गेली. ऑर्लिनही ट्रॅक्टर घेऊन निघून गेला.

वासरू मात्र ठेवून गेला.

क्लेमेन्सने गाडी आत घेतली, शटर ओढलं, आतून कडी घातली. पहिला विचार मनात काय आला असेल? लिफ्टर कालच अचानक तुटला असेल. असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी खरंच शांत असेल. तसं निघालं तर तो अजून क्लेमेन्स वांगलर होता. नाही निघालं तर मग बासष्टाव्या वर्षी तो कोण होता, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

या खेपेला त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला नाही. प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. बाकीच्या सातांत काटा झटक्यात वर गेला, सात नंबरच्या सिलिंडरात जागचा हलला नाही. डावीकडचं झाकण काढलं, लांब दांड्याने इंजिन हाताने फिरवलं आणि व्हॉल्व दाबणाऱ्या रॉकरांवर बोट ठेवून बसला. बाकीचे बोटाखाली उचलले जात होते. सातचा मेल्यासारखा पडून होता. मग सिलिंडरांवरची दोन्ही हेड उतरवली. लिफ्टर काढताना त्याची जुनी सवय होती: अंड्यांचा अठराचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, खळग्यांवर पेनाने नंबर टाकायचे, आणि ज्या जागचा लिफ्टर त्या खळग्यात. सोळा भरले, दोन रिकामे. सातचा त्याने शेवटी काढला, पुसला आणि खिडकीपाशी नेला.

खालचं चाक फिरायचं थांबलेलं होतं. एका बाजूने चपटं झालं होतं, आतल्या बेअरिंगच्या सुया बाहेर आल्या होत्या. कॅमशाफ्टवरचा उंचवटा घासून घासून गोल झालेला. तळाशी तेलात चांदीसारखा चुरा, आणि तोच तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकून तेलाचा दाब गेलेला. हे एका दिवसाचं काम नव्हतं. एवढं पोलाद खायला चाकाला आठवडे लागतात. महिनाही लागला असेल. ऑर्लिन बॉनेटवर वाकून "आता, आता, आता" म्हणत होता तेव्हा हे चाक घासत होतं आणि बोंबलत होतं.

तुटलेला बोल्ट खरा होता. म्हणूनच तर फसला. एक दोष हाती लागल्यावर दुसरा शोधायला कान लागतात.

दुपारी त्याची बायको रोझिना मागच्या दाराने सूप घेऊन आली, बटाट्याचं, पिठाच्या गोळ्या सोडलेलं. तिला गावाने सगळं आधीच सांगितलं होतं. टेबलावरचं वासरू पाहून ती थबकली, मग डबा स्टुलावर आपटला.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"काय?"

"म्हटलं, झालं समाधान!"

"ओरडतेस कशाला?"

"ओरडते कशाला?" रोझिना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दोन वर्षं ओरडतेय मी स्वतःच्या घरात. मी पुटपुटते म्हणालास, ऐकून घेतलं. टीव्ही बिघडला म्हणालास, नवा आणला. पक्षी कमी झालेत म्हणालास! पक्षी, क्लेम! शेजारच्यांना वाटतं मी कजाग आहे. माझा घसा गेला तो गेला, आणि वर दोष माझ्याच तोंडाला. किती वेळा सांगितलं, डॉक्टरला कान दाखव?"

"कान गेला तर मेकॅनिक काय राहिला?"

"आणि वासरू गेलं त्याचं काय?" ती डोळे पुसायला लागली, पण आवाज खाली आणला नाही. आणून चालणारच नव्हतं. "तू बहिरा झालास त्याचं मला काही नाही. तू लबाड झालास, त्याची मला लाज वाटते. सूप गार होतंय."

ती गेली. क्लेमेन्सने वासरू घोंगडीत गुंडाळलं आणि मागच्या आवारात नेलं. जमीन गोठलेली, कुदळ लागेना, तेव्हा दगड रचून झाकलं. मग परत येऊन सूप खाल्लं. गारच खाल्लं.

पुढचे सहा दिवस त्याने दुसरी गाडी घेतली नाही. कॅमशाफ्ट नवी, सोळाच्या सोळा लिफ्टर नवे आणि साधे, खिळी नसलेले. चार सिलिंडरांना झोपवणारी सगळी यंत्रणा उपटून वर साधं झाकण घातलं आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाही तसं सांगून ठेवलं. तळ धुतला, जाळी धुतली, पुन्हा धुतली. एकेक बोल्ट मोजून आवळला. तोंडातून शिवी नाही. कोठारातल्या मंडळींना शटरमागून एरवी ऐकू येणारा शिव्यांचा पट्टा सहा दिवस बंद होता, त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

सोमवारी त्याने ऑर्लिनला निरोप धाडला. ऑर्लिन आला, दारातच उभा राहिला. हातमोजेही काढले नाहीत.

क्लेमेन्सने सातचा जुना लिफ्टर त्याच्यासमोर धरला. "हा बघ. निदान महिनाभर ओरडत होता."

"मी पण," ऑर्लिन म्हणाला.

क्लेमेन्सने लिफ्टर टेबलावर ठेवला.

"किती झाले?"

"काही नाही."

"मला तुझी भीक नको."

"भीक देणारा मी नाही, माहितेय तुला. चूक माझी आहे, पैसे तुझे कशाला?" मग त्याने टेबलावरचा लिफ्टर पुन्हा उचलला. पुढचं वाक्य निघेना, आणि ते काढायला कुठलाच पाना नव्हता. "एक काम आहे. नवे लिफ्टर तेलाने भरेपर्यंत थोडा वेळ वाजतात. मग थांबायला हवेत. नाही थांबले तर माझं काहीतरी चुकलंय, सगळं परत खोलायचं. ते थांबले की नाही हे... ते तू मला सांग."

ऑर्लिनने दारातून आत पाऊल टाकलं. तीस वर्षांत क्लेमेन्स असा तावडीत सापडला नव्हता. आता नुसतं "वाजतंय" म्हणायची खोटी, की हा माणूस सहा दिवसांचं काम पुन्हा उलगडत बसला असता, आणि सातव्या दिवशीही त्याला कळलं नसतं.

"चालू कर," तो म्हणाला.

क्लेमेन्सने चावी फिरवली आणि खाली उतरून बॉनेटपाशी आला. त्याची बोटं झाकणावर टेकली होती, काही कळतंय का बघत. ऑर्लिन मान तिरकी करून ऐकत उभा. एक मिनिट गेलं. दीड गेलं. ऑर्लिनच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. क्लेमेन्सच्या कपाळावर, उणे दहामध्ये, घाम आला.

"अरे सांग ना!"

"गप्प उभा राहा," ऑर्लिन म्हणाला.

आणखी अर्धं मिनिट.

"थांबलं."

"नक्की?"

"थांबलं म्हटलं ना."

"माझं मन राखायला बोलत नाहीस ना?"

"तुझं मन?" ऑर्लिन थुंकला. "खोटं बोलायला माणूस आवडावा लागतो, क्लेमेन्स. मला तू कधीच आवडला नाहीस."

क्लेमेन्सने बॉनेट खाली घेतलं. हेच रोझिनाने सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. या माणसावर बसला. त्याला एकदम मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाचा रागही आला.

ऑर्लिन गाडीत चढला, गाडी मागे घेत रस्त्यावर काढली. मग काच खाली केली आणि क्लेमेन्सकडे बघून काहीतरी बोलला. ओठ हलले. इंजिनाची घरघर तेवढी आली.

एरवी असं झालं की क्लेमेन्सकडे दोन उपाय होते. एक, "हो हो" म्हणून हात हलवायचा. दुसरा, शिवी द्यायची. दोन वर्षं या दोनांवर निभावलं होतं. त्याने हात वर केलाही. मग खाली घेतला, बर्फातून चालत गाडीपर्यंत गेला आणि खिडकीवर दोन्ही हात टेकले. रस्त्यापलीकडे कोठाराच्या खिडकीत चार डोकी दिसत होती.

"ऐकू आलं नाही मला," तो म्हणाला. "परत सांग."

ऑर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. ऐकूनही टाळतोय की काय, हे तपासलं असावं. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"उद्या नऊला कॉफीला ये," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "आणि माझ्या डोक्याबद्दल जिथे बोललास, तिथेच, त्याच माणसांसमोर सांग, की वाजत होतं."

क्लेमेन्सने कोठाराच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

"येतो," तो म्हणाला.